सूत्राचा आकडा की स्वतःची वही?

रोज किती कॅलरी खर्च होतात हे कळायला दोन वाटा आहेत. पहिली, १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. बायकांसाठी ते असं: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. ४० वर्षांची, ७० किलो वजनाची, १६० सेंमी उंचीची बाई घ्या: ७०० + १००० − २०० − १६१ = १३३९. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी साधारण एवढ्या कॅलरी जळतातच. घोळ होतो तो पुढच्या, हालचालीचा खर्च धरायच्या गुणाकारात. बैठं काम म्हणून १.२ ने गुणलं तर १६०७. ‘मध्यम हालचाल’ धरून १.५५ ने गुणलं तर २०७५. फरक जवळजवळ पावणेपाचशेचा, आणि स्वतःला जरा जास्तच चपळ समजायची सवय कुणाला नसते?

दुसरी वाट वहीची. दोन-तीन आठवडे खाल्लेलं सगळं मोजून लिहायचं (चव बघताना तोंडात टाकलेला घाससुद्धा), रोज सकाळी वजन करायचं, आठवड्याची सरासरी बघायची. सरासरी हलली नाही, तर जेवढं खाल्लं तेवढाच खर्च. काम कंटाळवाणं आहे. शिवाय एका दिवसाच्या काट्याला भुलायचं नाही. खारट खाल्लं तरी शरीरात पाणी साठून काटा वर जातो.

मी सुरुवात सूत्राने करेन, महिन्याभराने मात्र वहीचंच ऐकेन. वजन उतरलं की रोजचा खर्चही उतरतो, आणि ते वहीत आधी दिसतं.