मेल्टेमी वाऱ्यात नांगरावरचा मुक्काम: नवा नांगर, साखळी आणि नायलॉनचा दोर यांचा एका मोसमाचा अनुभव

साडेअकरा मीटर लांबीच्या आणि सुमारे आठ टन वजनाच्या आमच्या शिडाच्या बोटीवरची नांगराची सगळी सामग्री आम्ही गेल्या मे महिन्यात बदलली आणि तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत ग्रीसच्या सायक्लाडीज बेटांमध्ये तिच्यावरच विसंबून राहिलो. बंदराच्या धक्क्याला लागणे आम्ही शक्यतो टाळतो, कारण ऑगस्टमध्ये तिथे जागा मिळत नाही आणि मिळाली तरी वारा आडवा असतो. त्यामुळे नांगर किती धरतो याबरोबरच, वारा सुटलेला असताना त्याच्या भरवशावर स्वयंपाक, कपडे, वीज, किराणा आणि झोप हे सगळे कसे चालते, तेही येथे नोंदवतो आहे.

या भागातल्या उन्हाळी वाऱ्याला मेल्टेमी म्हणतात. बाल्कन प्रदेशावरचा जास्त दाब आणि तुर्कस्तानावरचा कमी दाब यांच्या ओढीने तो उत्तरेकडून एजियन समुद्रात उतरतो. तुर्कस्तानावरचा हा कमी दाबाचा पट्टा इराण-इराकमार्गे आपल्या मान्सूनच्या कमी दाबाशी जोडलेला असतो, आणि म्हणूनच कोकणात आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असतात त्याच जुलै-ऑगस्टमध्ये इथला वारा ऐन भरात असतो. आभाळ मात्र स्वच्छ निळे राहते, त्यामुळे ढगांकडे पाहून काही आडाखे बांधण्याची सोय नाही. हवामानाच्या अंदाजात वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापाने सहा, म्हणजे २२ ते २७ नॉट (ताशी सागरी मैल), लिहिलेले असले तर डोंगराखालच्या खाडीत ३५ नॉटचे झोत धरून चालावे. बेटाच्या दक्षिणेला लाट नसते हे खरे, पण कड्यावरून घसरत येणारा वारा तिथे खुल्या समुद्रापेक्षाही जोरात आदळतो. हा प्रकार दोन-तीन दिवस चालतो, कधी आठवडाभरही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नांगरावरचा ताण चौपट होतो, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते कळते.

पूर्वी बोटीवर फाळाच्या आकाराचा, सांध्यावर हलणारा नांगर होता. हा आकार केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉफ्री टेलर यांनी १९३३ साली पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी काढला आणि पुढे कित्येक दशके शिडाच्या बोटींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तोच दिसत असे. कडक वाळूत तो आधी आडवा पडतो, थोडा ओढला जातो आणि मग रुतला तर रुततो. आम्ही घेतलेल्या २५ किलोच्या नव्या घडणीच्या नांगराचे पाते खोलगट आणि टोक अणकुचीदार आहे. वर एक लोखंडी कमान आहे, जिच्यामुळे तो उताणा पडला तरी कुशीवर वळतो आणि टोक वाळूत शिरते. एजियनचे पाणी इतके नितळ असते की गॉगल लावला की पाच मीटरखालचा तळ स्पष्ट दिसतो. त्यामुळे नांगर टाकल्यावर आमच्यापैकी एकजण पाण्यात उतरून पाहतोच. वाळूत याने स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पटींतच पकड घेतली आणि रात्रभर वारा झाल्यावर सकाळी पाहावे तर कमानीचा फक्त माथा वर उरलेला असे. वाळू असेल तर या नांगराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पोसिडोनिया या समुद्री गवतावर मात्र कोणत्याच नांगराचा भरवसा धरू नये. ते गवत युरोपात संरक्षित आहे, ते उपटले जाणे वाईटच, शिवाय त्याच्या मुळांच्या गालिच्यात मिळालेली पकड कधी सुटेल याचा नेम नसतो. पाण्याचा रंग फिकट निळसर दिसला तर खाली वाळू आहे आणि काळपट दिसला तर गवत, एवढे पाहून जागा निवडावी. त्या कमानीचा एक त्रासही सांगतो. चिकणमातीच्या तळातून नांगर उचलला की पात्यावर आणि कमानीखाली मातीचा मोठा गोळा अडकून येतो, आणि नाळेवर उभे राहून हुकाच्या काठीने तो पाडताना अंगावरचे कपडे हमखास वाया जातात. ही कमान आमच्या नाळेवरच्या रोलरमध्ये बसेना, म्हणून तिथली पट्टी कारागिराकडून वाढवून घ्यावी लागली. विकत घेण्याआधी कागदाचा साचा कापून लावून पाहिलेला बरा.

साखळी १० मिलिमीटर जाडीची आणि ६० मीटर लांबीची आहे. मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास तिचे वजन भरते. किती सोडायची याचा हिशेब पाण्याच्या खोलीत नाळेची उंची मिळवून करावा लागतो: पाच मीटर पाणी आणि एक मीटर नाळ असेल तर एरवी पाचपट, म्हणजे ३० मीटर, आणि वाऱ्याची चिन्हे असतील तर सातपट, म्हणजे ४२ मीटर. भरती-ओहोटीने इथे पाणी वीतभर चढते-उतरते. मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी चढताना पाहिलेल्या माणसाला ही मोठीच सूट वाटते.

आता त्या दोराबद्दल, कारण सबंध खरेदीत माझ्या मते सर्वांत मोलाचा तोच ठरला आणि त्याची किंमत नांगराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती. झोत आला की पाण्यातली साखळी वर उचलली जाते, तिचा झोल संपतो, ती सळईसारखी ताठ होते आणि पुढचा प्रत्येक हिसका थेट विंडलासवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्रावर, आणि नांगरावर बसतो. पुढच्या केबिनमध्ये झोपलेल्याला हे दगडावर साखळी घासल्याच्या खरखरीसह डोक्याखाली ऐकू येते. म्हणून १४ मिलिमीटरचा, दहा मीटर लांबीचा तिपेडी नायलॉनचा दोर आम्ही साखळीला अडकवतो, त्याचे दुसरे टोक नाळेवरच्या खुंटाला बांधतो आणि मग आणखी साखळी सैल सोडतो, म्हणजे सगळी ओढ दोरावर येते. ३० नॉटच्या झोतात हातभर लांबीची खूण करून पाहिले तेव्हा दोर ताणून बारीक होताना आणि झोत सरल्यावर सावकाश आखडताना डोळ्यांना दिसत होता. हिसके जवळपास थांबले आणि आवाज पूर्ण थांबला. आधी बोटीबरोबर आलेला दोर दोन मीटरचा होता, इतका आखूड दोर ताण घ्यायच्या आतच संपतो. नाळेच्या कडेवर जिथे दोर टेकतो तिथे तो झिजतो, म्हणून अग्निशामक नळीचा तुकडा त्यावर चढवला आहे आणि रोज सकाळी तो सरकवून खालचे पेड पाहतो.

दुसरी स्वस्त वस्तू म्हणजे डोलकाठीला मागून धरणाऱ्या तारेवर चढवायचे दीड चौरस मीटरचे जाड कापडाचे शीड. नांगरावरची बोट वाऱ्यात स्थिर राहत नाही, ती डावीकडून उजवीकडे भटकते आणि प्रत्येक टोकाला वाऱ्यापुढे कूस करते. ताण तेव्हाच सर्वाधिक असतो. हे छोटे शीड मागचा भाग वाऱ्याच्या रेषेत धरते. फोनवरच्या नांगराच्या अलार्ममध्ये बोटीची वाट रेखाटली जाते; आधी तिची रुंद चंद्रकोर उमटत असे, शीड लावल्यावर ती निम्म्याने आखडली. स्वयंपाक करणाऱ्याला हा फरक सर्वांत आधी कळतो. पूर्वी कुकरच्या शिट्ट्या मोजताना एका हाताने कठडा धरावा लागे. आता पोळ्या लाटता येतात.

अँटिपारोसजवळच्या डेस्पोटिको बेटासमोरच्या खाडीत आम्ही सर्वांत जास्त राहिलो. किनाऱ्यावर अपोलोच्या प्राचीन देवस्थानाचे संगमरवरी खांब पुन्हा उभारले आहेत, आणि त्यांतला एक खांब मागच्या टेकडीवरच्या खडकाच्या रेषेत धरून बोट घसरते आहे का हे पाहता येते. जीपीएसपेक्षा डोळ्यांनी धरलेली ही रेषा मला अधिक विश्वासाची वाटते. अलार्म लावतो तोही नांगर पाण्यात पडतानाच्या जागेवर खूण करून, आणि वर्तुळ साखळी व बोट यांच्या एकत्रित लांबीपेक्षा थोडे मोठे ठेवून. त्याहून लहान ठेवले तर रात्रभर खोटी बोंब होते. आपला नांगर धरून असला तरी शेजाऱ्याचा धरेलच असे नाही. एका पहाटे भाड्याने घेतलेली एक बोट आमच्या नाळेसमोरून आडवी सरकत गेली. आम्ही इंजिन चालू करून आणि धक्का झेलणारे बाजूचे फुगे हातात घेऊन उभे राहिलो आणि ती चार मीटरवरून निघून गेली. तेव्हापासून वाऱ्याच्या दिशेला कोण उभे आहे हे पाहिल्याशिवाय मी निजत नाही.

दिवसभराचे व्यवहार वाऱ्याच्या कलाने लावावे लागतात. पाव आणि भाजी आणायला डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, सकाळी आठच्या आत जायचे, कारण दुपारी तीच डिंगी लाटांचे पाणी अंगावर घेत येते. रात्री तिला कठड्यापर्यंत वर ओढून बांधतो. रिकामी डिंगी झोतात सहज उलटते. कपडे अर्ध्या तासात वाळतात, पण मिठाचे तुषार बसले तर पुन्हा धुवावे लागतात, आणि बेटांवर गोडे पाणी जपून वापरायची वस्तू असल्याने पत्नीने दोरी कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या, आडोशाला हलवली. सावलीचे कापड २० नॉटनंतर उतरवायचे. डोलकाठीवर आपटणारे दोर ताणून बाजूला बांधायचे, नाहीतर शेजारचेही जागे राहतात.

वाऱ्यावर चालणाऱ्या जनित्राबद्दल माझे मत संमिश्र आहे. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दहा नॉटला ते जेमतेम काही देते आणि पंचवीसला फ्रिज, दिवे आणि फोन निर्धास्त चालतात. पण खांबातून बोटीत उतरणारी घरघर मागच्या केबिनमध्ये असह्य होते, रबराच्या बैठका घालूनही ती गेलेली नाही, आणि उन्हाळ्यात सौर पॅनेल पुरेसे असल्याने आम्ही ते रात्री बांधूनच ठेवतो. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी ते घेणार नाही.

मोसमाअखेर नांगराच्या टोकावरचा जस्ताचा लेप गेला आहे, जे अपेक्षितच होते. साखळीच्या पहिल्या दहा मीटरांवर तांबूस छटा दिसते. वाळूत घासून जस्त तिथेच आधी उडते. येत्या वसंतात साखळीची टोके उलटी करून लावू आणि दोर नवा घेऊ, कारण उन्हाने त्याचा वरचा थर खरखरीत झाला आहे. दोर बारा मीटरचा घेण्याचा विचार आहे. जाडी तीच ठेवणार, कारण अधिक जाड नायलॉन कमी ताणतो.