चोडणची होडी सफर: एकदा पैसे पाण्यात, एकदा वसूल

रेटिंग आधीच सांगतो, पहिली ट्रिप पाचपैकी एक, दुसरी साडेचार. जागा तीच, नदी तीच, महिनाही तोच.

पुण्याची आत्येबहीण आलेली, म्हणाली दादा बीच नको, काहीतरी वेगळं दाखव. पणजीपासून एवढ्या जवळ आणि तरी गर्दी नाही अशी जागा म्हणजे मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, रायबंदरला जायचं, फेरीबोटीत चढायचं, पलीकडे उतरलं की आलंच. पण मी शहाणपणा केला आणि एका टूरवाल्याकडे ऑनलाइन बुकिंग केलं (नाव नाही घेत, कोण ते महत्त्वाचं नाही). माणशी आठशे रुपये, "मगर गॅरंटीड". दहाची वेळ दिली होती आणि दहाला सुकती (ओहोटी) लागलेली, खाडीत शिरून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच बोट चिखलात रुतली. इंजिनचा धूर, त्यात स्पीकर लावलेला, खंड्या बिचारा एकदा दिसला तो पाठमोरा. लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलेला, तो बहिणीने ओढणीने बांधला. मगर अर्थातच नाही. रिफंड मागितला तर "निसर्ग आपल्या हातात नाय" असं उत्तर! अहो, भरतीची वेळ तर आधीपासून ठरलेली असते ना.

चार दिवसांनी फेरी धक्क्यावरच एक वयस्क होडीवाले काका भेटले, वल्हवायची होडी. मी म्हटलं आत्ताच जाऊया, तर म्हणाले, "पात्रांव, सुकती जाली की भितर वचपाक मेळना, फाल्यां सात वाजतां यो." म्हणजे ओहोटी लागली की आत जाता येत नाही, उद्या सातला ये. दुसऱ्या दिवशी सातला गेलो आणि अक्षरशः दुसरीच जागा बघितली. खारफुटीचा बोगदा, वर फांद्या, खाली मुळं पाण्यात अशी उभी की कुणीतरी छत्र्यांच्या काड्या रोवून ठेवल्यात. पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला, बगळे, ब्राह्मणी घार. परतताना पाणी उतरायला लागलं तशा चिखलातून कुर्ल्या निघाल्या, एक नांगी मोठी आणि एक लहानशी, आणि निवट्या, म्हणजे मासा असून चिखलावर उड्या मारणारा प्राणी, बहीण त्यातच अर्धा तास अडकली. तेव्हा काकांनी सांगितलं की चिखलातले पक्षी बघायचे असतील तर सुकतीला काठावरून चालत बघायचे, होडी भरतीची. ही एवढी साधी गोष्ट मी बघितलेल्या एकाही वेबसाइटवर नव्हती.

आता रिव्ह्यू सोडून थोडं भरकटतो, कारण बहिणीने विचारलं "अभयारण्य संपलं कुठे रे?" आणि मला सांगता येईना. अभयारण्य झालं १९८८ साली आणि आहे किती, तर १.७८ चौरस किलोमीटर. म्हादई अभयारण्य दोनशेच्या वर आहे, त्यापुढे हे म्हणजे अंगण. आता २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यातच आलंय की अभयारण्याचा कारभार आराखड्याप्रमाणे चालवायचा, आणि हे आराखडे साधारण दहा वर्षांचे असतात. ठीक आहे, पण अंगणाचा आराखडा करून काय होणार, जेव्हा पाणी सगळं बाहेरून येतं? वरून म्हादईचं (तीच खाली मांडवी) गोडं पाणी येतं, त्या पाण्याच्या राज्याराज्यांतल्या वाटपावर लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट). खालून समुद्राचं खारं पाणी. दोघांचं जे प्रमाण ठरेल त्यावर कुठलं झाड टिकेल ते ठरतं, कुंपणावर नाही.

आणि खरी गुंतागुंत खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीची. काकांनी होडी बांधाला लावून मानस दाखवली, बांधातली लाकडी दारं, भरती आली की पाण्याच्या जोरानेच बंद होतात आणि सुकतीला आतलं पाणी बाहेर सोडायला उघडतात, ना वीज ना मोटर. त्यांच्या वडिलांच्या वेळी आत भात होतं, म्हणाले. पुढे कुणी बांधाची डागडुजी सोडली, कुठे मासळीसाठी दारं उघडी ठेवली, खारं पाणी आत आलं आणि मग खारफुटी. ती एकदा वाढली की संरक्षित, शेतकऱ्याला हात लावता येत नाही. म्हणजे पक्ष्यांसाठी चांगलं, शेतासाठी वाईट, आणि दोन्ही एकाच बांधावर. मी खारफुटीवाला माणूस आहे हे आधीच कबूल करतो, पण हे बघितल्यावर वाटलं की पुढच्या तीस वर्षांचा विचार करायचा तर आराखड्यात बांध आणि मानस पहिल्या पानावर पाहिजेत, दुर्बीण आणि मनोरा नंतर. समुद्र वर येतोय, तेव्हा खारफुटीला मागे सरकायला जागा लागणार, ती जागा कुणाचं तरी शेत आहे, त्या शेतकऱ्याला आत्ता विचारा, बुडाल्यावर नको. आपल्याकडे गोव्यात भोम गावात पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी म्हणतात तिला. मगरीशीसुद्धा बोलून मिटवायचं, तर माणसांशी का नाही?

बाकी प्रॅक्टिकल: पाणी न्या, टोपी न्या, डासांचं क्रीम विसरू नका (मी विसरलो). टॉयलेट निघायच्या आधी करा. मगर दिसेल अशी आशा ठेवू नका. रविवारी फेरीबोटीला रांग असते. काकांनी दोघांचे पाचशे घेतले, मी सहाशे दिले तर शंभर परत केले. त्यांचा नंबर मी "भरतीकाका" नावाने सेव्ह केलाय, येत्या शनिवारी साडेसातला या म्हणालेत.