झूमवरचा ‘पहिल्या मंडळीचे पुढारी’ कोर्स : पैसे वसूल, फक्त शेवटचा भाग ढिला

कोर्स चांगला आहे, घ्या, एवढं आधीच सांगून टाकतो. चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी तक्रार पण आहे आणि आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांचं वर्तुळ एवढंसं, रविवारी भक्ती सुटल्या सुटल्या कोणीतरी गाठून विचारणार. शनिवारी संध्याकाळी झूमवर, पूर्ण मराठीतून, फी 800 रुपये, शिकवणारे सर निवृत्त पाळक (पास्टर). विषय काय तर ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीनेकशे वर्षांत मंडळी, म्हणजे चर्च, कोण चालवायचं आणि आज कोण चालवतं.

मला वाटलेलं की ‘पहिल्या मंडळीकडे परत चला’ हेच भाषण परत ऐकायला लागणार, दर कन्व्हेन्शनला असतं तसं. पण सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सगळीकडे एकसारखी अशी मंडळी तेव्हाही नव्हती. यरुशलेमात याकोब आणि वडीलजन (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), अंत्युखियात संदेष्टे आणि शिक्षक, फिलिप्पैत अध्यक्ष आणि सेवक (म्हणजे डीकन, हाही मंडळीतला हुद्दाच), आणि करिंथात तर कोण कुणाचं ऐकतंय तेच समजत नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातले सात जण आपण लहानपणापासून ‘पहिले डीकन’ म्हणून पाठ केलेत ना, तिथे त्यांना तसं कुठेच म्हटलेलं नाही. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं म्हणून त्यांना निवडलं, आणि पुढे बघतो तर स्तेफन वाटप सोडून भर सभेत बोलतोय आणि फिलिप्प रस्त्यात हबशी अधिकाऱ्याला बाप्तिस्मा देतोय. कामं ठरलेली पण कुंपण नाही.

सगळ्यात भारी भाग डिडाखेचा. ही मंडळीची जुनी नियमपुस्तिका, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटाची वगैरे, हरवली होती आणि 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखित सापडलं. त्यात लिहिलंय की फिरता प्रेषित आला तर प्रभूसारखं स्वागत करा, पण एक दिवस, फार तर दोन दिवस ठेवा, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा, आणि जाताना भाकरीशिवाय काही देऊ नका, पैसे मागितले तरी खोटाच. हे ऐकल्यावर चॅटमध्ये नुसते हसण्याचे इमोजी. आमच्याकडे चौकाचौकात ‘प्रेषित अमुक’, ‘प्रॉफेट तमुक’ अशी फ्लेक्स लागतात, खाली क्यूआर कोड, त्यामुळे कोण का हसतंय हे सांगायची गरजच नव्हती.

मग इग्नाशियस. अंत्युखियाचा बिशप, साधारण 110 च्या सुमारास शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मरायला चाललाय आणि वाटेतून मंडळ्यांना पत्रं लिहितोय की बिशपशिवाय काही करू नका. एक बिशप, त्याच्या हाताखाली वडीलजन, मग सेवक, ही उतरंड त्याच्या पत्रांत पहिल्यांदा एवढी स्पष्ट दिसते. पण गंमत अशी की रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो तिथल्या बिशपचा उल्लेखच करत नाही, बहुतेक अभ्यासक म्हणतात की रोममध्ये तेव्हा वडीलजनांचं मंडळच कारभार बघत होतं. एक कॅथलिक भाऊ यावर जाम चिडले, कारण त्यांचे पोप म्हणजे रोमचेच बिशप, अर्धा तास वाद, सरांनी छान हाताळलं, कुणाचा अपमान नाही.

बायकांवरचं सेशन आमच्या घरातल्यांनी पण बसून ऐकलं. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, नवऱ्याबरोबर तंबू शिवणारी आणि अपुल्लोसाला शिकवणारी प्रिस्किल्ला, आणि युनिया, जिला चौथ्या शतकाच्या शेवटी ख्रिसोस्टम या नामवंत धर्मगुरूने सरळ प्रेषितांत धरून तिचं कौतुक केलंय. प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर 112 च्या सुमारास सम्राट ट्राजानला कळवतो की ख्रिस्ती लोकांची माहिती काढायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, त्या मंडळीत सेविका होत्या. गुलाम, बाई, आणि मंडळीत हुद्दा! आमच्याकडे महिला मंडळाच्या अध्यक्षांना पंचांच्या (चर्चच्या कमिटीच्या) मीटिंगला चहापुरतं आत घेतात. तशी मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी, तिथे पाळकांना लष्करी हुद्दे असतात) बाई मेजर असते हे नगरकडच्या लोकांना काही नवीन नाही, आणि सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साऊथ इंडिया) 2013 साली आंध्रातल्या नंद्यालला बाई बिशप झाल्या, म्हणजे होतंय, पण सावकाश.

आता तक्रार. शेवटचं सेशन ‘आजची मंडळी’, आणि तिथे सर एकदम सावध झाले. तीन शतकांवर एवढं खोलात बोलले आणि आजच्यावर स्लाईड वाचून दाखवली. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 मध्ये नागपूरला झाली तेव्हा सहा चर्चेस एकत्र आली, त्यात बिशप असलेली होती आणि बिशप नकोच म्हणणारी पण होती, मग तोडगा कसा निघाला, पंचांच्या हातात काय राहिलं, पाळकाची बदली कोण करणार, मिशनच्या जमिनींच्या कागदावर सही कुणाची, यातलं काहीच नाही. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे भाऊबहीण म्हणून, तेही नाही. मराठी कोर्समध्ये हे नसेल तर कुठे असणार?

मला स्वतःला यातून जे कळलं ते असं की तेव्हा शिकवणारा वेगळा, वाटप बघणारा वेगळा, संदेश देणारा वेगळा, आणि आपण हे सगळं एका पाळकसाहेबांच्या गळ्यात घातलंय, वर लग्न, मयत, लाईटबिल आणि कोर्टाची तारीख पण त्यांनीच बघायची. स्वतंत्र चर्चमध्ये तर पास्टर, पास्टरीणबाई आणि युथ लीडर मुलगा झाले की संपली कमिटी. त्यामुळे पंच असाल, संडेस्कूल घेत असाल तर नक्की करा. आपल्या पास्टरला हाणायला वचनं गोळा करायची असतील तर नका करू, रोमच्या क्लेमेंटचं पत्र आधी वाचा, करिंथकरांनी आपल्या वडीलजनांना काढून टाकलं म्हणून पहिल्या शतकाच्या शेवटी रोमहून ते भलंमोठं पत्र गेलं होतं.

5 पैकी 4 स्टार. आवाज मधेमधे तुटतो, पीडीएफचा फॉन्ट मोबाईलवर फारच बारीक दिसतो, ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फोटो येतात, म्यूट करा. पुढची बॅच ईस्टरनंतर आहे, जमलं तर लाईव्हच बसा, रेकॉर्डिंगमधून प्रश्नोत्तरं कापून टाकतात आणि खरी मजा तिथेच आहे.