फेट सिम्युलेशन: अकरावी-बारावीच्या फिजिक्ससाठी नक्की वापरा

घाटंजीकडे मी अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांचं फिजिक्स घेतो, आणि त्यांच्यासाठी बऱ्याच दिवसांपासून हे फेट (PhET) वापरून राहिलो, म्हणजे स्क्रीनवर प्रयोग करून पाहायची वेबसाइट. कोलोराडो विद्यापीठाचं आहे, कार्ल वायमननी २००२ मध्ये सुरू केलं, त्यांना आदल्याच वर्षी फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. पूर्ण फुकट, लॉगिनची कटकट नाही. आणि आपल्या इकडे सगळ्यात कामाचं म्हणजे नवीनवाले सिम (म्हणजे सिम्युलेशन, स्क्रीनवरचा प्रयोग) एकदा डाउनलोड करून ठेवले की रेंज नसली तरी ब्राउझरमध्ये चालतात, गावात एकाच्या मोबाईलवर घेतलं की बाकीच्यांना पाठवून देता येते.

सगळ्यात भारी प्रोजेक्टाइलवालं, म्हणजे तोफेतून गोळा फेकायचं. तोफेची उंची शून्य करा, हवेचा रोध बंद ठेवा, स्पीड १५ मीटर प्रति सेकंद ठेवा आणि आधी ३० अंशावर गोळा मारा, मग ६० वर. मारायच्या आधी पोरांना विचारा कोणता लांब जाईल, बहुतेक जण ६० म्हणतात कारण तो उंच जातो ना! पण दोन्ही साधारण १९.९ मीटरवरच पडतात, ६० वाला तिप्पट उंच जाऊन सुद्धा. गोळा किती लांब पडेल याचा साइन २θ चा फॉर्म्युला पाठ असलेला पोरगा पण इथं थांबतो अन् मग स्वतःच वही काढते. त्यानंतर हवेचा रोध चालू करा, ४५ अंशावर गोळा सगळ्यात लांब जातो हा नियम कसा मोडते ते डोळ्यासमोर दिसते. हे फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी दाखवता येत नाही हो, मी काढून पाहिल्या.

सर्किटवालं पण घ्याच. बल्बमध्ये करंट "संपते" असं लय पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असते. ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचा बल्ब, बल्बच्या आधी एक अ‍ॅमीटर आणि नंतर एक, दोन्हीवर ०.९ अँपिअर. अजून एक तसाच बल्ब सिरीजमध्ये टाकला की ०.४५. शॉर्ट केलं तर बॅटरीला आग लागते स्क्रीनवर, ते तर सगळ्यांना पाहायचंच असते. ज्या कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल म्हणजे फक्त जर्नल उतरवणं आहे तिथल्या पोरांसाठी हे खरंच लय मोठं आहे.

आता कमी काय. सगळे सिम मराठीत नाहीत, काही इंग्रजीतच पाहावे लागतात. काही जुने, जावा या सॉफ्टवेअरवर चालणारे सिम मोबाईलवर चालतच नाहीत. आणि सीईटी किंवा जेईईचे न्यूमेरिकल यातून होणार नाहीत, ते वहीत बसूनच सोडवावे लागतात, सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात तिथं सिम उघडून बसता येत नाही. म्हणून धडा सुरू करताना सिम, अंदाज वहीत लिहून मगच बटण दाबायचं, नंतर गणितं. नुसतं गोळे उडवत बसलं तर दोन तास जातात आणि हाती काही येत नाही.

लॅपटॉप नसला तरी चालते, मोठ्या स्क्रीनचा मोबाईल बस. सुरुवात प्रोजेक्टाइलपासून करा, मग सर्किट, मग स्प्रिंगवालं.