नवी पिल्लं आणि घरची मांजर: बंद खोली की पिंजरा?

घरात मोठी मांजर असेल तर नवी पिल्लं पहिल्याच दिवशी तिच्यापुढे सोडायची नाहीत, यावर दुमत नाही. मग ठेवायची कुठे?

जागा असेल तर वेगळी खोलीच. मांजरांची ओळख आधी वासाने होते. पिल्लांच्या गालांवरून फिरवलेलं फडकं मोठीच्या ताटलीजवळ ठेवा. ती निवांत जेवू लागली की ताटली रोज वीतभर पिल्लांच्या खोलीच्या दाराकडे सरकवा. फिसकारली तर ओरडू नका, तो तिचा हक्कच आहे. शिवाय पिल्लं एखादा आजार घेऊन आली असतील, तर तो दोन आठवड्यांत बहुधा दिसतो. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मात्र हाता-कपड्यांवरूनही जातो, म्हणून हात धुवा आणि मोठीची लस आधीच तपासा.

हॉलमधल्या पिंजऱ्यात पिल्लं डोळ्यांसमोर राहतात, एवढंच. मोठी समोर ठाण मांडून शेपूट आपटत बसली की बिचारी मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. अर्धा पिंजरा चादरीने झाकला, आत खोका ठेवला, तर जरा निभतं.

पण नागपूरच्या मे महिन्यात हिशेब उलटतो. पारा 45 वर आणि कुलर एकच, तोही हॉलमध्ये! बंद बेडरूमची तेव्हा भट्टी होते. अशा वेळी मी पिंजराच निवडेन, फक्त थेट झोतात नको. पाऊस पडून हवा निवळली की पिल्लं खुशाल खोलीत हलवा.