मेडिकलमधल्या 'ओआरएस'ची झाडाझडती: पुडी, तयार खोकं आणि नुसतं नाव

मार्च उलटला की मेडिकलच्या काउंटरवर संत्र्या-लिंबांची चित्रं असलेली खोकी रचून ठेवलेली दिसतात. "ओआरएस द्या", म्हणजे जुलाबात शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं औषध द्या, म्हटलं की बऱ्याचदा त्यातलंच एक पुढे सरकवलं जातं. पुडी मागावी लागते. म्हणून आधी एक निवाडा: घरात ठेवायची असेल तर २१ ग्रॅमच्या आसपासची, १ लिटरची पुडी ठेवा. बाकीच्यांचं काय ते पुढे.

खऱ्या पुडीत काय असतं? १ लिटर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज २०.५, वरचं जे काही ते स्वाद आणि रंगाचं. जागतिक आरोग्य संघटनेचं हे सूत्र २००२ पासूनचं आहे. त्याआधीचं जास्त खारट होतं, ते बदललं. ग्लुकोज गोडीसाठी नाही. आतड्याच्या अस्तरातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बहुतेक उघडा राहतो, सगळी करामत तेवढीच. पण साखर मापाबाहेर गेली की गणित उलटतं, पाणी शरीरातून आतड्यात उतरतं आणि जुलाब वाढतात.

आता त्या रंगीत खोक्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. १०० मिलीमागे साखर १० ग्रॅमच्या आसपास दिसली, तर २०० मिलीच्या खोक्यात २० ग्रॅम झाली. तेवढ्याच खऱ्या ओआरएसमध्ये ग्लुकोज २.७ ग्रॅम असतं. दमलेल्या माणसाला ते सरबत म्हणून चालेल. जुलाब लागलेल्या पोराला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. तरीही नुसत्या नावावर विसंबू नका. ओळख सोपी आहे: पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना आणि हिरवा ठिपका असेल तर ते पेय. 'ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स आय.पी.' (आय.पी. म्हणजे भारतीय औषधसंहिता) असं लिहून औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक दिला असेल तर ते औषध.

२०० मिलीचं तयार ओआरएसही मिळतं, सूत्र तेच असेल तर माल चोख. एसटीच्या प्रवासात, जत्रेत, पाण्याची खात्री नसलेल्या जागी त्याला तोड नाही. पण पाच खोकी म्हणजे १ लिटर, आणि खर्च पुडीच्या कित्येक पट. ४ ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडीही येते, ती २०० मिली पाण्यासाठी. एकट्या माणसाला हीच बरी, वाया जात नाही. मोठी आणि छोटी यांची गल्लत मात्र सर्रास होते: लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात. असं पाचपट तीव्र द्रावण पोरानं प्यायलं तर रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. अर्धी पुडी अर्ध्या लिटरला, हा हिशेबही नको, पूड आत सारखी मिसळलेली असेलच असं नाही.

कालवण्याची जागा म्हणजे बहुतेकांची लिटरची पाण्याची बाटली. ती गळ्यापर्यंत भरलेली असते, पूड ओतली की पाणी उतू जातं, मग लोक आधी पाणी पिऊन जागा करतात. दोन घोटांनी बिघडत नाही, पाव बाटली रिकामी केली तर बिघडतं. त्यापेक्षा सगळं पाणी स्वच्छ पातेल्यात ओता, पुडी कोपऱ्यांसकट झटका, ढवळा आणि परत बाटलीत भरा. उकळायचं ते पाणी आधी उकळून गार करा, द्रावण उकळू नका. साखर, दूध, फळांचा रस काही घालायचं नाही. चव अश्रूंइतपत खारट लागली पाहिजे, त्याहून जास्त नको. बाटलीवर वेळ लिहा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. कोकणातल्या दमट हवेत पुडीचा गठ्ठा झाला किंवा पूड तपकिरी पडली असेल तर ती टाका.

किती द्यायचं: दोन वर्षांच्या आत दर जुलाबामागे ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांना १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. भांडंभर एकदम पाजलं की परत येतं आणि "पचत नाही" म्हणून सोडून देतात, तिथंच चुकतं. पोराला जुलाबात झिंकही लागतं: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस. आरोग्य केंद्रातून पुडी फुकट मिळते, आशाताईंकडेही असते. साधी, बिनस्वादाची, आणि कामाला तितकीच पक्की.

एक तक्रार खऱ्या मालाबद्दलही. उन्हाळाभर रोज एक पुडी, हे खूळ बरं नव्हे. लिटरभर द्रावणातलं सोडियम, मिठातलं आणि सायट्रेटमधलं मिळून, सुमारे ४.४ ग्रॅम मिठाएवढं भरतं, आणि दिवसाची मिठाची शिफारस ५ ग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात दिवसभर घाम गाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला चक्कर आली, पोटऱ्यांत गोळे आले, तर सावलीत बसवून हेच घोट-घोट पाजावं. पंख्याखाली बसणाऱ्याला ताक, पन्हं, कोकम पुरे. आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीच ओतू नका. अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.