‘वादळबिदळ सगळं धरून’ म्हणत विकलेली पॉलिसी

दर वर्षी एप्रिल-मे आला की आमच्या गावात विम्याचा एजंट फिरायला लागतो. श्रीवर्धन तालुक्यातलं किनाऱ्याजवळचं गाव, घरं बहुतेक कौलारू, मागे नारळ-पोफळीची वाडी. त्या दिवसांत जो तो पावसाच्या तयारीत असतो. कौलं परतायची असतात, फुटकी बदलायची असतात, लाकडं आत घ्यायची असतात. घराची काळजी माणसाच्या डोक्यात असते आणि एजंटला हे बरोबर ठाऊक असतं.

२०१८ च्या मे महिन्यात तो आमच्या पडवीत येऊन बसला. शेजारच्या गावचा, माझ्या भावाच्या वर्गात शिकलेला. परका असता तर अण्णांनी (माझे वडील) त्याला दहा प्रश्न विचारले असते. आई चहा टाकायला आत गेली आणि ती परत येईपर्यंत फॉर्मवर सह्या झाल्या होत्या. मी तेव्हा डोंबिवलीला. नंतर आईने सांगितलेले त्याचे शब्द असे होते : “अण्णा, आग म्हणू नका, पाऊस म्हणू नका, वादळबिदळ सगळं धरून आहे. तुम्ही फक्त वर्षाला अठराशे द्यायचे.” अण्णांनी विचारलं, “कागद कधी मिळेल?” तो म्हणाला, “कागद माझ्याकडे सांभाळून ठेवतो, तुमच्याकडे वाळवी लागेल.” दिली ती फक्त एक पावती, पॉलिसी नंबर लिहिलेली. सातबाऱ्याचे उतारे ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत अण्णांनी ती ठेवली.

पुढची दोन वर्षं अण्णा न चुकता अठराशे रुपये रोख देत राहिले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास ते रायगडच्या किनाऱ्यावरून आत शिरलं, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. आई-अण्णा माजघरात देवाच्या खोलीला टेकून बसले होते. आई सांगते, आधी कौलं एकेक करून वाजत होती, मग एकदम छपराच्या पाखीच्या पाखी (उतरत्या बाजू) उचलल्या गेल्या आणि वर आभाळ दिसायला लागलं. परसातला जुना आंबा पडवीवर आडवा झाला. वासे मोडले, रिपा निघाल्या, भिंतीला वरपासून चीर गेली. टीव्ही, फ्रीज, गाद्या, धान्याचे डबे, सगळ्यात पाणी. मागची वाडी तर ओळखू येत नव्हती. पोफळी मधूनच मोडून काडीसारख्या पडल्या होत्या.

फोन बंद, वीज बंद, त्यात लॉकडाऊन. पाच दिवस मला आई-वडिलांचा आवाज ऐकायला मिळाला नाही. ई-पास काढून पेण, माणगाव, म्हसळा करत मी ८ जूनला घरी पोहोचले. अण्णा ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. मला बघून पहिलं वाक्य बोलले ते हे, “घाबरू नको, आपला विमा आहे.” एवढं सगळं गेल्यावर त्या माणसाला आधार होता तो त्या एका पावतीचा. हे आठवलं की मला आजही रडू येतं.

एजंटला गाठलं. तो लगेच आला, मोबाईलवर फोटो काढले, हळहळला. तलाठ्यांनी पंचनामा केला होता, तो पाहून म्हणाला, “पंचनामा झालाय ना, मग झालं. ताई, तुम्ही कंपनीला फोन करू नका हं. मध्ये कुणी बोललं की फाईल अडकते. मी आतून करून आणतो.” आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, लवकर यावा म्हणून पाच हजार मागितले. आम्ही दिले. उघड्या घरात म्हातारी माणसं बसली आहेत आणि आषाढ तोंडावर आहे, अशा वेळी पाच हजार कोण अडवून धरणार?

इथे दोन गोष्टी सांगते, कारण त्या दोन्हींत आम्ही फसलो. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनीला तो पुरावा म्हणून जोडता येतो, पण कंपनीला नुकसान कळवणं हे वेगळं काम आहे. ते आपणच, होईल तितक्या लवकर करायचं आणि कळवल्याचा नंबर लिहून घ्यायचा. दुसरं, सर्व्हेअर कंपनी नेमते आणि त्याची फीही कंपनीच देते. घरमालकाने त्याला एक रुपया द्यायचा नसतो. सर्व्हेअरच्या नावाने कुणी पैसे मागितले तर तिथेच समजायचं.

जुलै गेला. ऑगस्टमध्ये त्याने फोन उचलणं सोडलं. मग मी पावतीवरचा पॉलिसी नंबर घेऊन कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने नोंदवलेला मोबाईल नंबर विचारला. मी अण्णांचा सांगितला, ती म्हणाली जुळत नाही. माझा सांगितला, भावाचा सांगितला, तेही नाहीत. पॉलिसीवर मोबाईल आणि ई-मेल दोन्ही एजंटने स्वतःचे घातले होते. कंपनीने दर वर्षी पाठवलेली पॉलिसी त्याच्याकडेच जात होती. आमच्याकडे कागद का नव्हता, ते त्या क्षणी कळलं.

शेवटी अण्णांचं आधार कार्ड आणि त्यांच्या सहीचं पत्र घेऊन मी पनवेलच्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी पॉलिसीची प्रिंट काढून दिली. पहिलं पान म्हणजे शेड्यूल. त्यावर अण्णांचं नाव, घराचा पत्ता, विम्याची रक्कम तीन लाख. छापील हप्ता चारशे रुपयांच्याही आत. म्हणजे अठराशेमधले चौदाशे तो दर वर्षी खिशात घालत होता. आणि खाली एका ओळीत चार अक्षरं : ‘एसटीएफआय’. त्यासमोर लिहिलं होतं, ‘वगळले’.

मी बाईंना विचारलं, हे काय? त्यांनी पेन ठेवून शांतपणे समजावलं. एस म्हणजे स्टॉर्म, टी म्हणजे टेम्पेस्ट, एफ म्हणजे फ्लड, आय म्हणजे इनन्डेशन. आपल्या भाषेत वादळ, तुफान, पूर आणि पाणी भरणं. घराच्या विम्याला तेव्हा आगीची पॉलिसीच वापरत. तिच्यात हे धोके धरलेले असत, पण सुरुवातीलाच ते काढून टाकून थोडा स्वस्त हप्ता घेण्याची सोय होती. आमच्या पॉलिसीतून ते काढले होते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाच्या पॉलिसीतून वादळ काढलं, तेही वर्षाला थोडेसे रुपये वाचवायला, आणि ते रुपयेही त्याच्याच खिशात गेले.

आंबा पडवीवर पडला होता, तर निदान पडवीचे तरी मिळतील का, हेही मी विचारलं. नाही. त्या जुन्या पॉलिसीत ‘धडकेने झालेलं नुकसान’ होतं, पण ते रस्त्यावरच्या वा रुळावरच्या वाहनाच्या किंवा जनावराच्या धडकेचं. झाड त्यात नव्हतं. झाड पडलं ते वादळाने आणि वादळ तर वगळलेलं.

आणखी एक गोष्ट बाईंनी दाखवली. वादळ वगळलं नसतं तरी आम्हाला पूर्ण पैसे मिळाले नसते. घर पुन्हा बांधायला बारा लाख लागणार असतील आणि विमा तीन लाखांचा असेल, तर कंपनी म्हणते, तुम्ही पाव हिस्साच विमा उतरवलात, म्हणून नुकसानीचाही पावच देऊ. आमचं घराचं नुकसान एक लाख ऐंशी हजार धरलं तर हातात पंचेचाळीस हजार, त्यातूनही जुन्या घराचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा. रक्कम कशी धरायची हे अण्णांना कुणी सांगितलंच नव्हतं. तीन लाख हा आकडा एजंटने स्वतः टाकला होता.

तक्रार करायची तर पुरावा लागतो आणि पुरावा उलट आमच्याच विरुद्ध होता. प्रस्तावाच्या फॉर्मवर अण्णांची सही होती, ‘वादळ व पूर नको’ या चौकटीत खूण होती. अण्णांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या, खूण मागाहून झाली. पण हे दाखवायचं कशाने? त्या पहिल्या पावतीनंतर दिलेल्या रोख पैशांची पावती नाही, सांगितलेल्या शब्दांची नोंद नाही. कंपनीने क्लेम नाकारल्याचं पत्र सप्टेंबरात आलं.

आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे. आमच्या भागाचं कार्यालय तेव्हा पुण्यात नारायण पेठेत होतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीला लेखी तक्रार देऊन महिनाभर उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, की तिथे जाता येतं. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जावं लागतं. आमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं. पण सही असलेला फॉर्म समोर होता आणि पॉलिसीच्या अटींत वादळ नव्हतं. निकाल आमच्या बाजूने लागला नाही. पोलिसांत अर्ज दिल्यावर सर्व्हेअरसाठीचे पाच हजार मात्र त्याने तिसऱ्याच माणसाच्या हाती परत पाठवले. चौदाशे-चौदाशे करून खाल्लेले पैसे काही परत आले नाहीत.

घर आम्ही कर्ज काढून उभं केलं. कौलांऐवजी पुढच्या पाखीला पत्रे आले. अण्णांना ते आवडत नाहीत, पावसाचा आवाज फार होतो म्हणतात.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकच ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना सक्तीची केली. आम्ही आता तीच घेतली आहे, शाखेत जाऊन, चेकने. ती मी ओळ न ओळ वाचली आहे, म्हणून सांगते. हिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड हे सगळं मुळातच आहे. झाड पडून झालेलं नुकसानही स्पष्ट नाव घेऊन लिहिलेलं आहे. पडवी, कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी घरातच मोजतात. रक्कम बाजारभावाने ठरवायची नाही, जमिनीची किंमत तर मुळीच धरायची नाही. मुख्य घरासाठी चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले बांधकामाचा दर. आमचं ८०० चौरस फूट, दर १,५०० रुपये, म्हणजे बारा लाख. घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं, म्हणजे आमचं दोन लाख चाळीस हजारांचं. आणि विमा कमी रकमेचा होता म्हणून हिश्शाने पैसे कापायची ती जुनी पद्धत हिच्यात नाही. तरी आकडा खरा टाका, कारण विम्याच्या रकमेच्या वर कुणी देत नाही.

जे येत नाही तेही लक्षात असू द्या. वाडीतले माड-पोफळी घराच्या पॉलिसीत येत नाहीत. जुनं छप्पर वर्षानुवर्षं गळतंय आणि भिंतीला ओल आली, हे वादळाचं नुकसान धरत नाहीत. म्हणून मे महिन्यात कौलं परतून झाली की छपराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. नंतर ‘आधीपासूनच खराब होतं’ असं कुणी म्हणालं तर तेवढेच हाताशी असतात.

मुंबईकर चाकरमान्यांना एक वेगळं सांगायचं आहे, कारण आमच्या आळीतली निम्मी घरं तुमची आहेत आणि गणपती-शिमगा सोडून बंद असतात. जुन्या आगीच्या पॉलिसीत स्वच्छ अट होती की घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं, आधी कंपनीची संमती घेतली असेल तरच चालू राहतं. निसर्गच्या वेळी लॉकडाऊनमुळे मार्चपासून कितीतरी घरांना कुलूप होतं. तुमचं घर बंद असतं हे पॉलिसी घेतानाच कंपनीला लेखी कळवा आणि तिचं उत्तर लेखीच घ्या. एजंटच्या ‘चालतं हो’वर राहू नका.

शहरातल्यांनाही हे लागू आहे. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना वाटत होतं की गृहकर्जाबरोबर बँकेने घराचा विमा काढून दिलाय. कागद काढला तर तो त्यांच्या जिवाचा विमा निघाला. कर्जदाराचं काही झालं तर कर्ज फिटतं, खिडकीतून पाणी आत आलं तर काही मिळत नाही.

फसवलं गेलंय असं वाटलं तर १५५२५५ हा नियामक प्राधिकरणाचा तक्रारीचा क्रमांक आहे.

तो एजंट अजून फिरतो. मागच्या मे महिन्यात मी घरी असताना समोरच्या काकूंच्या पडवीत त्याची मोटारसायकल उभी दिसली. तो गेल्यावर मी तिकडे गेले. काकूंनी आधीच्या वर्षीची पावती आणून दाखवली, पॉलिसी नव्हतीच. मी माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावून काकूंच्या हातात दिला आणि म्हटलं, फक्त एवढं विचारा, माझा कुठला मोबाईल नंबर तुमच्याकडे आहे. काकूंनी विचारलं. मुलीने पूर्ण नंबर सांगितला नाही, शेवटचे चार आकडे सांगितले. काकूंनी ते दोनदा म्हणून पाहिले. ते त्यांच्या नंबरचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघी शाखेत गेलो.